इन्सर्टची कळ



कवितेचा नाद असलेल्या बाईला रेडिओवर बोलावलं, की ती कविता वाचणार, असा तुमचा अंदाज असणार. आज मी कविता वाचणार नाही. आज मी संगणकाच्या कीबोर्डवरच्या एका बटणाबद्दल बोलणार आहे. बटण छोटं आहे. बॅकस्पेसच्या अगदी उजव्या हाताला, शेजारीच असतं. त्यावर ‘इन्सर्ट’ किंवा नुसतंच ‘इन्स’ असं लिहिलेलं असतं. बऱ्याच जणांनी ते आयुष्यात जाणूनबुजून कधी दाबलेलं नसेल. मी दाबलं होतं, आणि त्याची किंमत अजून फिटलेली नाही.

मी मूळची टायपिस्ट. १९९० साली बी. ए. झाले, आणि अब्बांनी सांगितलं, आता मराठी टायपिंग शीक, कुठंही पोटापुरतं मिळेल. लक्ष्मीपुरीतल्या एका क्लासात नाव घातलं. सकाळी सातची बॅच. वीस-पंचवीस मशिनं एकदम चालू झाली, की पत्र्यावर गारा पडल्यासारखा आवाज व्हायचा. आमच्या सरांचा एकच दंडक होता. नजर कागदावर, मशिनकडं बघायचं नाही. बोटांना आपली जागा कळली पाहिजे. बघून टाइप करणाऱ्याच्या हातावर ते पट्टी ठेवायचे. मारायचे नाहीत, नुसती ठेवायचे. मी तीसची परीक्षा दिली, मग चाळीसची, आणि पुढं एका शाळेच्या कार्यालयात कारकून म्हणून लागले.

त्या मशिनवर चूक लपायची नाही. चुकीच्या अक्षरावर बरोबर अक्षर मारलं, तर दोन्ही दिसायची आणि तिथं काळा डाग तयार व्हायचा. एखादा शब्द राहून गेला, तर मशिनला मध्ये जागा करता यायची नाही. कागद काढायचा, पेननं दोन शब्दांच्या मध्ये खाली हंसपदाची खूण करायची आणि राहिलेला शब्द वर लिहायचा. हंसपद म्हणजे हंसाच्या पावलासारखी ती टोकदार खूण. आपल्या जुन्या पोथ्या लिहिणारे आणि छापखान्यात प्रुफं तपासणारे ती खूण करत आले आहेत. मला ती फार आवडते. जे आधी लिहिलं आहे ते तसंच राहू दे, पण जरा सरक, मला आत येऊ दे, असं ती म्हणते.

शाळेच्या दप्तरातसुद्धा हाच नियम. जनरल रजिस्टरमध्ये मुलाचं नाव किंवा जन्मतारीख चुकली, तर त्यावरच गिरवायचं नाही. उपरिलेखन चालत नाही. एक आडवी रेघ मारायची, वर दुरुस्ती लिहायची, कोणत्या आदेशानं केली ते लिहायचं आणि मुख्याध्यापकांची सही घ्यायची. रेघेखालचं जुनं अक्षर वाचता आलं पाहिजे. का? तर उद्या कुणी विचारलं, की आधी काय होतं, तर कागदानं उत्तर दिलं पाहिजे.

२००३ साली आमच्या कार्यालयात संगणक आला. तिघांत एक. त्यातला वर्ड उघडला, की पहिल्यांदा माझी छातीच दडपायची. वरच्या बाजूला बटणांच्या दोन रांगा. कुठं कात्री, कुठं दौत, कुठं दुर्बीण. तिघांनी एकच यंत्र वापरायचं म्हटल्यावर जे व्हायचं ते झालं. एके दिवशी छपाईचं बटण गायब. दुसऱ्या दिवशी अख्खी रांग सुटून पडद्याच्या मधोमध तरंगतेय. कुणीही कबूल होईना. शेवटी कळलं, की आल्टचं बटण दाबून धरून माऊसनं ओढलं, की त्या वर्डमधलं वरचं कुठलंही बटण हलायचं आणि रांगेबाहेर नेऊन सोडलं, की नाहीसं व्हायचं. आमच्यापैकी कुणाचा तरी अंगठा आल्टवर विसावत होता, एवढाच गुन्हा.

त्या निमित्तानं मला एक गोष्ट समजली, आणि ती आजच्या बोलण्यातली पहिली कामाची गोष्ट आहे. ती बटणं काही दगडात कोरलेली नव्हती. ‘टूल्स’ या यादीत ‘कस्टमाइझ’ असा शब्द होता. तो उघडला, की शेकडो आज्ञांची कोठी उघडायची. हवी ती उचलून वरच्या रांगेत आणून ठेवायची, नको ती खाली ओढून टाकायची. चुकलंच, तर ‘रीसेट’ म्हटलं, की मूळची मांडणी परत. पण वर्षभर मी त्या शब्दाला हात लावला नव्हता. भाड्याच्या घरात राहिलेल्या माणसाची एक सवय असते. भिंतीत खिळा ठोकायचा, तरी मालकाला विचारायचं. संगणकातसुद्धा आपण भाडेकरूसारखेच वावरतो. ज्यानं बनवलं त्यानं जे जिथं ठेवलं, ते तिथंच राहायचं, असं आपण धरून चालतो.

आपल्या स्वयंपाकघरात मिसळणाचा डबा असतो. त्यात सात वाट्या. हळद, चटणी, मोहरी, जिरं, जे रोज लागतं तेच त्यात. दालचिनी आणि दगडफूल वरच्या फळीवर. कुणी बाई दगडफूल डब्यात आणि चटणी फळीवर ठेवत नाही. मग वर्डच्या रांगेत आपल्याला कधीच न लागणारी बटणं का मिरवावीत? मी माझा डबा लावला. सेव्ह, मागे जा, शोधा, शब्दमोजणी आणि दुरुस्त्यांची नोंद ठेवणारं बटण. त्याला ‘ट्रॅक चेंजेस’ म्हणतात. ते चालू असलं, की खोडलेलं खोडल्यासारखं दिसतं, घातलेलं वेगळ्या रंगात दिसतं. जनरल रजिस्टरची आडवी रेघच ती. पण हे शहाणपण मला आधी सुचलं नव्हतं. घडायचं ते घडून गेल्यावर सुचलं.

आता त्या इन्सर्टकडं येते.

संगणकावर लिहिण्याच्या दोन तऱ्हा असतात. एकीत आपण वाक्याच्या मध्ये जाऊन लिहायला लागलो, की पुढचा मजकूर पुढं सरकतो. म्हणजे यंत्र स्वतःच हंसपद देतं. ही नेहमीची तऱ्हा. दुसरी तऱ्हा ओव्हरटाइपची. तिच्यात पुढचा मजकूर सरकत नाही. आपण एक अक्षर लिहिलं, की पुढचं एक अक्षर गिळलं जातं. समजा, वाक्य आहे, ‘मी कोल्हापूरला गेले’. त्यात तुम्हाला ‘परवाच’ हा शब्द घालायचा आहे. ओव्हरटाइप चालू असेल, तर ‘मी परवाच पूरला गेले’ असलं काहीतरी होऊन बसतं. कोल्हा पळाला, पूर तेवढा राहिला.

त्यात आपली लिपी पडली जोडाक्षरांची. इंग्रजीत एक कळ म्हणजे एक अक्षर. मराठीत ‘स्त्री’ हा शब्द डोळ्यांना एकच अक्षर दिसतो, पण आजच्या युनिकोडमध्ये त्याला स, हलन्त, त, हलन्त, र आणि वेलांटी असे सहा तुकडे लागतात. त्यामुळं ओव्हरटाइपमध्ये किती गेलं आणि किती राहिलं, याचा हिशेबच लागत नाही.

मग असली तऱ्हा केली तरी कशाला? वेडेपणानं केलेली नाही. मोठ्या कचेऱ्यांतल्या जुन्या संगणकांवर मुख्यतः छापील नमुन्यांसारखे तक्ते भरायचे असत. तिथं रकान्याची लांबी ठरलेली. एक आकडा बदलला म्हणून पुढचे सगळे रकाने सरकले, तर घोटाळा व्हायचा. म्हणून आय. बी. एम.च्या १९७१ च्या त्या प्रसिद्ध टर्मिनलांवर वर लिहिणं हीच नेहमीची रीत होती आणि मध्ये घालायचं असेल, तर वेगळी कळ दाबावी लागे. १९७८ साली वर्डस्टार आलं, त्यातही या दोन तऱ्हांमध्ये ये-जा करायला आज्ञा होती. पुढं १९८१ च्या आय. बी. एम. पीसीच्या कीबोर्डवर ‘इन्स’ आकड्यांमधल्या शून्याच्या कळीवर बसलं. अजूनही आकड्यांचं कुलूप, म्हणजे नम लॉक, बंद असेल, तर ते शून्य इन्सर्टचंच काम करतं. शून्य दाबायला जावं आणि पुढचं सगळं शून्य व्हावं, असा प्रकार.

ओव्हरटाइपचा मलाही उपयोग होता, हे प्रामाणिकपणे सांगते. शाळेच्या दाखल्यांचे नमुने मी वर्डमध्ये करून ठेवले होते. ‘कुमार’ आणि पुढं टिंबंच टिंबं. साध्या तऱ्हेनं नाव लिहिलं, की टिंबं पुढं सरकून ओळ मोडायची. ओव्हरटाइप चालू केलं, की नाव टिंबांवर बसायचं आणि ओळ जागची हलायची नाही. दाखले झपाझप व्हायचे. तेव्हाच्या वर्डमध्ये खालच्या पट्टीवर ‘ओ-व्ही-आर’ अशी तीन इंग्रजी अक्षरं असत. ओव्हरटाइप चालू असलं, की ती ठळक दिसत, बंद असलं, की फिकी. एवढीच काय ती सूचना.

२००६ च्या पावसाळ्यातली गोष्ट. त्या दिवसांत मी अम्माच्या ओव्या उतरवून घेत होते. आमच्या घरची बोली दखनी. अम्मा आमच्याशी, शेजारच्या खालाशी दखनीतच बोलायची. पण तिचं बालपण कागल तालुक्यातल्या एका खेड्यात गेलं होतं. तिथं पहाटे जात्यावर बसलं, की शेजारणीबरोबर ती ओव्या म्हणायची, आणि त्या अस्सल मराठी. शाळा तिनं पाहिलेली नव्हती. तिला लिहिता येत नव्हतं, तरी ओव्यांचा क्रम मात्र पाठ. भावाची, मग माहेरच्या वाटेची, मग लेकीची. महाराष्ट्रात हेमा राईरकर आणि गी पॉइटवां यांनी जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा करून ठेवल्या. ते काम ऐकून होते, म्हणून मलाही वाटलं, आपल्या घरातलं तेवढं तरी आपण लिहावं.

रात्री भाकऱ्या झाल्या, की ती सांगायची. मी हाताला लागेल त्या कागदावर पेन्सिलनं लिहून घ्यायचे. बहुतेक वेळा लाइटबिलाच्या मागं. दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मुख्याध्यापकांच्या परवानगीनं तासभर बसून ते टाइप करायचे. घाईत ओळी न तोडता सलग, मध्ये दंड देत. ओळी पुढं सवडीनं लावू म्हटलं. टाइप झाल्यावर ते कागद पाणी तापवायच्या बंबात जायचे. संगणकात गेलं म्हणजे पक्कं झालं, ही तेव्हाची आमची समजूत.

त्या दिवशी दुपारभर मी दाखले केले. संध्याकाळी तो वर्ड बंद न करताच अम्माची फाइल उघडली. मनात होतं, की ओव्यांच्या आधी चार शब्द लिहावेत. अम्माचं गाव, तिचं जातं, तिच्या शेजारणीचं नाव. पहिल्या ओवीच्या आधी माऊस टेकवला आणि लिहायला लागले. नजर कागदावर, सरांनी शिकवल्याप्रमाणं. बोटं आपल्या जागी. मोठा परिच्छेद झाला, चांगला झाला म्हणून स्वतःवर खूशही झाले. फाइल सेव्ह केली, संगणक बंद केला आणि बस गाठली.

दोन आठवड्यांनी छापून घरी नेलं आणि अम्माला वाचून दाखवायला बसले. तिच्या गावाचं वर्णन ऐकून ती हसली. मग मी ओव्या सुरू केल्या, तर ती म्हणाली, मधल्या सोडून कुठं निघालीस? मी कागद बघितला. माझा परिच्छेद संपत होता तिथं एक अर्धा ‘ग’ लोंबकळत होता. आमच्या कार्यालयातला फाँट जुन्या टायपिंगसारखा होता. त्यात आधी अर्धं अक्षर यायचं, मग काना मारून ते पुरं व्हायचं. काना होता, पण अर्धं अक्षर नव्हतं, की अर्धं होतं आणि पुढचं नव्हतं, ते मला नीट आठवतही नाही. डोळ्यांपुढं फक्त तो तुटका ‘ग’ आहे. अम्माबद्दल लिहिलेल्या माझ्या त्या चार शब्दांनी अम्माच्याच आठ ओव्या खाल्ल्या होत्या.

‘मागे जा’ची आज्ञा फाइल एकदा बंद केली, की त्या वेळचं काही परत देत नाही. प्रत दुसरीकडं कुठं नव्हती. लाइटबिलं बंबात गेलेली. मी अम्माला पुन्हा सांगायला बसवलं. पाच आल्या. त्यातल्याही दोन आधीसारख्या नव्हत्या. तीन आल्याच नाहीत. ती दखनीत म्हणाली, की जातं फिरत असलं, की त्या आपोआप येतात, असं नुसतं बसून कसं आठवणार? पुढं कधीतरी आठवेल, असं दोघींनीही धरून चाललो. २००८ च्या उन्हाळ्यात अम्मा गेली.

यात यंत्राचा दोष नाही. बटण मीच दाबलं होतं, माझ्या सोयीसाठी दाबलं होतं आणि बंद करायला विसरले होते. म्हणून आज जे सांगते, ते अनुभवाचं आहे, ते ऐका.

२००७ च्या वर्डपासून इन्सर्टचं बटण नुसतं दाबून ओव्हरटाइप चालू होत नाही. सेटिंगमध्ये जाऊन तशी परवानगी दिली तरच होतं. पण ऑफिसातल्या संगणकावर कुणीतरी ती दिलेली असू शकते. म्हणून खालच्या पट्टीवर उजवं बटण दाबा, यादीतलं ‘ओव्हरटाइप’ निवडा. मग आपण कुठल्या तऱ्हेत लिहितोय, ते तिथं सतत दिसतं. लिबर ऑफिस वापरत असाल, तर तिथं इन्सर्टची कळ चालते. पण कर्सरची बारीक रेघ जाऊन जाड चौकोन लुकलुकायला लागतो. तो दिसला, की थांबा. दुसरं, वर्डच्या प्रगत सेटिंगमध्ये दर वेळी आधीची प्रत राखून ठेवायची सोय असते. ती चालू करा. तिसरं, वरच्या रांगेतलं सामान आपल्याला हवं तसं लावा. नव्या वर्डमध्ये त्या जुन्या रांगा गेल्या. माझा लावलेला डबाही त्यात गेला. पण अगदी वरच्या कोपऱ्यात एक छोटी पट्टी मिळते. कुठल्याही आज्ञेवर उजवं बटण दाबून ती त्या पट्टीत नेता येते. मी त्यात पहिली आज्ञा ‘मागे जा’ ठेवली आहे आणि दुसरी ‘ट्रॅक चेंजेस’.

आणि एक बारीक गोष्ट, मराठीत लिहिणाऱ्यांसाठी. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरातल्या. पहिल्यात रफार आहे, दुसऱ्यात अर्धा ‘ऱ’. इनस्क्रिप्ट कीबोर्डवर इंग्रजी ‘जे’च्या जागी ‘र’ आहे. शिफ्ट धरून तीच कळ दाबली, की ‘ऱ’ येतो, पुढं हलन्त आणि ‘य’ दिला, की ‘ऱ्य’. एवढं माहीत नसल्यानं लोक दऱ्यांचा समुद्र करून टाकतात. माझ्या एका कवितेत तो झालेला आहे, छापून आलेला आहे.

मला पुष्कळदा कुणी कौतुकानं विचारतं, तुमचं मराठी इतकं चांगलं कसं? त्यांचा हेतू चांगलाच असतो. पण त्या प्रश्नात असं गृहीत असतं, की घरातली बोली पुसली, तेव्हा तिथं मराठी बसली असणार. तसं झालेलं नाही. अम्माच्या तोंडी दखनी होती आणि जात्यावर मराठी होती. एकीनं दुसरीला खाल्लं नाही. दोघी एकाच ओळीत सरकून बसल्या होत्या.

गेल्या वर्षी आम्ही घरच्यांपुरतं अम्माच्या ओव्यांचं छोटं पुस्तक काढलं. एकूण एकतीस. मुलगा म्हणाला, अम्मी, तीन नाहीत तर क्रमांक सलग लावूया, अठ्ठावीस करूया. मी नाही म्हटलं. चार, पाच आणि सात हे क्रमांक घातले आणि त्यांच्यापुढं जागा कोरी ठेवली. एक प्रत घेऊन कागलकडच्या खालाकडं गेले. तिनं वय सांगता येत नाही असं वय गाठलेलं आहे. वाचून दाखवताना कोऱ्या जागेवर मी थांबले. तिनं विचारलं, इथं काय होतं? म्हटलं, चौथी भावाचीच होती, एवढंच आठवतं. ती थोडा वेळ गप्प राहिली. मग मांडीवर हात फिरवत एक ओवी म्हणाली. ती अम्माचीच होती का, मला सांगता येणार नाही. मी पेन काढलं, कोऱ्या जागेच्या कडेला हंसपदाची खूण केली आणि ती लिहिली. दोन जागा अजून मोकळ्या आहेत.

श्रोतेहो, तुमच्या घरात कुणी म्हातारं माणूस काही म्हणत असेल, सांगत असेल, तर लिहून घ्या. संगणकात घाला, जरूर घाला. पण ज्या कागदावर लिहिलं, तो कागद बंबात घालू नका.



(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)